मोठीवर मोठी

१

थोरल्या आजोबांच्या गळ्यातलं एक पदक गेलं, ही बातमी मला दात घासताना मोबाइलवर कळली. थोरले आजोबा म्हणजे आमचा भूमीचा देव. आम्ही तोंगशी गावचे हाक्का समाजाचे लोक त्याला देव कमी आणि घरातलं वडीलधारं माणूस जास्त समजतो. नवस फेडायचा तर त्याच्या गळ्यात सोन्याचं पदक घालायचं, ही आमची रीत. देऊळ घाटमाथ्यावर, दाराला कधी कडी नाही, आणि तिथून आजवर उदबत्तीची काडीही कुणी उचलली नव्हती.

पुजाऱ्यानं गावाच्या ग्रुपवर दोन फोटो टाकले होते. एकात आजोबांचा गळा. दुसऱ्यात देवळामागच्या बांबूच्या बेटात लवंडलेली निळी सायकल. ती सायकल मी डोळे मिटूनही ओळखली असती, कारण माझं सायकलींचं दुकान आहे आणि तिची चेन दर वर्षी मीच बदलतो. सायकल तेंगकाकांची होती. आणि तेंगकाका यंदा धूपदाणीचे मानकरी होते.

हा मान विकत मिळत नाही. दर वर्षी देवळात कौल लावतात, आजोबा ज्याला सगळ्यात जास्त वेळा हो म्हणतील त्याच्या घरी वर्षभर देवाची पितळी धूपदाणी राहते. सत्तरी गाठल्यावर काकांना तो पहिल्यांदा मिळाला होता. मानकऱ्याच्या नावाला डाग लागला तर समिती घरी येऊन धूपदाणी उचलून नेते, आणि त्या घराकडे लोक पुढची कित्येक वर्षं कसे बघतात ते मी पाहिलं आहे.

घाटात दरड कोसळल्यापासून गाड्या बंद होत्या. मी सायकल मारत वर पोचलो तेव्हा निम्मं गाव तिथं जमलं होतं. पोलीस चौकीच्या लेई मॅडम पायी चढून आल्या होत्या, धापा टाकत होत्या, आणि त्या घाटावर, सायकलींवर आणि एकूणच आमच्यावर चिडलेल्या दिसत होत्या.

तेंगकाका माझ्या मागून आले. थेट बांबूत शिरले आणि सायकलीपुढे उकिडवे बसले. चेन तारेसारखी ताणून अडकली होती. काकांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मागचं चाक उचललं, हँडलवरचा खटका दाबला आणि पेडल नेटानं फिरवून चेन मोकळी केली.

"अहो, हात लावू नका," लेई मॅडम ओरडल्या.

मला मनातून हसू आलं. घर जळत असलं तरी हा माणूस आधी चेनला तेल घालेल, असं माझं त्यांच्याबद्दल मत होतं.

काका उठले, तळहात पँटला पुसले आणि म्हणाले, "सायकल मीच टाकली इथं. पदक मी घेतलं."

२

दुपारी लेई मॅडम ती निळी सायकल ढकलत माझ्या दुकानात आल्या. मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो हातातच धरून ठेवला.

"फूदादा, तुमचे काका फार वाईट खोटं बोलतात," त्या म्हणाल्या. "पदक कुठंय? तर नदीत टाकलं. का टाकलं? तर राग आला. कसला राग? तर आठवत नाही. चोर निदान तयारी तरी करून येतो."

"ते चोर नाहीतच," मी म्हणालो. "पण उद्या सकाळी समिती धूपदाणी न्यायला येणार. कबुली दिल्यावर कोण थांबवणार त्यांना?"

"म्हणून तर तुमच्याकडे आले. पदक कुणाचं होतं ते माहितेय ना?"

माहीत होतं. काकांचा मुलगा चिवेई आजारी पडला तेव्हा त्याच्या नावानं काकांनी नवस केला होता आणि फळायची वाटही न बघता पदक घातलं होतं. पोरगा त्याच हिवाळ्यात गेला. गळ्यात इतकी पदकं असताना चोरानं नेमकं तेच नेलं होतं.

"परवा सोनार येणार आहे म्हणे," मॅडम म्हणाल्या.

"हो. सगळी पदकं वितळवून आजोबांना मुकुट करायचा ठराव झालाय. बैठकीत पहिला हात काकांनीच वर केला. मानकऱ्यानं कचरायचं नसतं."

मॅडमनी मोबाइलवर पुजाऱ्याचा फोटो मोठा केला आणि माझ्यापुढे धरला. "आता हे मला समजावून सांगा. लहान मुलाला सांगता तसं. मला सायकलीतलं ओ की ठो कळत नाही."

हा विषय काढला की बायको माझ्यासमोरून उठून जाते. मॅडम उठल्या नाहीत, म्हणून मी सुरू झालो. पेडलपाशी पुढे तीन चकत्या. छोटी घाटासाठी, मधली गावात फिरायला, मोठी सपाट रस्त्यावर पळायला. मागच्या चाकाला चकत्यांची उतरंड, तिथं उलटं, जितकी मोठी तितकं हलकं. डाव्या अंगठ्यानं पुढची चेन हलते, उजव्यानं मागची. काकांची आणि माझी सायकल अशी आहे. हल्लीच्या पोरांना पुढे एकच चकती लागते. मागे मग जेवणाच्या ताटाएवढी चकती लावायची आणि सगळा कारभार उजव्या हातानं करायचा. डावा हात बसून खातो.

"चांगलं कुठलं?"

"तीन."

"शेन म्हणतो एक."

"शेन कॉफी विकतो," मी म्हणालो. पण खोटं कशाला बोला, एकीचं ओझं कमी, चेन उतरायची भीती कमी, आणि डोक्याला ताप नाही. फक्त ते शेनसमोर मी कधी म्हणणार नाही.

"बरं. या फोटोत काय दिसतं?"

मी चष्मा चढवला, आणि सकाळी जे माझ्या नजरेतून सुटलं होतं ते मला दिसलं. पुढे चेन मोठ्या चकतीवर होती, आणि मागेही सगळ्यात मोठीवर.

"मोठीवर मोठी," मी म्हणालो. "मॅडम, असं कुणी करत नाही. चेन तिरकी होते, ताणते, कण्हायला लागते. तीन चकत्यांवर पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. त्यातून काका चेन दोन कड्या आखूड ठेवतात, त्यांना ती सैल आवडत नाही. त्यांच्या सायकलीला मोठीवर मोठी टाकली तर ती अडकणारच."

"आणि घाट चढताना काका कुठली चकती वापरतात?"

"छोटी. बसल्या बसल्या जातं फिरवल्यासारखे चढतात. घाटात सीटवरून उठणं म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो."

मॅडमनी आता कुठं चहाचा घोट घेतला. "पर्सिमन फळांच्या शेडमधल्या बायकांनी काल दुपारी रिमझिम चालू असताना ही सायकल वर जाताना पाहिली. पिवळा रेनकोट, चेहरा झाकलेला. त्या म्हणाल्या, बिचारा सीटवरून उठून, अंग टाकून पेडल मारत होता."

३

माझा संशय शेनवर होता, हे मी लपवलं नाही. घाटाच्या पायथ्याशी त्याचं कॉफीचं दुकान आहे. महिन्यापूर्वी सगळ्यांसमोर तो काकांना म्हणाला होता की तुमची सायकल वस्तुसंग्रहालयाला देऊन टाका. काकांनी पुढच्या रविवारी घाटात त्याला मागे टाकून, त्याच्याच दुकानात बसून, कॉफीऐवजी साधं गरम पाणी मागितलं होतं.

"पुढे एक चकती असणारे गावात आणखी कोण?" मॅडमनी विचारलं.

"शेनची दोस्त मंडळी आहेत, पण ती रविवारीच उगवतात. आणि काकांची सून, चिवेईची बायको पेईलान. पण तिचा प्रश्नच नाही. तिची सायकल परवापासून माझ्याकडे टांगलीय, ती बघा." मी स्टँडकडे बोट दाखवलं. एका भल्या बाईला संशयातून मोकळं केल्याचं मला समाधान वाटलं.

मॅडमनी शेनला बोलावलं आणि चुआंगलाही. चुआंग समितीचा खजिनदार, पेअरचा बागायतदार, तिरसट माणूस. कौलात तो काकांच्या खालोखाल आला होता. धूपदाणी काकांकडून गेली की त्याच्याच घरी जाणार होती. तोही जुन्या वळणाचा, तीन चकत्यांवाला.

मॅडमनी मला चेन पुढच्या मोठ्या चकतीवर चढवायला सांगितली आणि दोघांना म्हणाल्या, "दुकानासमोरचा चढ चढून वर पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन या. दुसरं काही नको."

"ही काय सर्कस आहे का?" चुआंग म्हणाला, पण गेला. चढ लागताच त्याच्या डाव्या अंगठ्यानं खटका दाबला, चेन छोटीवर आली, आणि तो बडबडत टाकीपर्यंत जाऊन आला.

मी चेन पुन्हा मोठीवर चढवली. शेननं आधी सायकलीभोवती एक फेरी मारली. "ही अजून चालते? फूदादा, हिचे पार्ट कुठून आणता, स्मशानातून?"

"तुझ्यापेक्षा जास्त टिकेल ती. चढ."

तो हसत निघाला. मी बारीक नजर ठेवून होतो. चढाच्या तोंडाशी पोचला आणि त्याचा डावा अंगठा आपसूक हलला. चेन खट्कन छोटीवर पडली. वर पोचेपर्यंत त्याला स्वतःलाही ते कळलं नव्हतं.

"तुला कसं जमलं हे?" मी जरा रागानंच विचारलं.

"दहा वर्षं चालवलीय की तीन चकत्यांची. ती विकून तर नवी घेतली, आणि ती तुमच्याच दुकानात विकली. विसरलात?"

विसरलो होतो. लेई मॅडम माझ्याकडे बघून हसल्या नाहीत, एवढे त्यांचे उपकार.

"म्हणजे एकदा शिकलेला हात विसरत नाही," दोघं गेल्यावर त्या सावकाश म्हणाल्या. "काल ज्यानं ही सायकल घाटात चढवली, त्यानं डाव्या हाताला कामच दिलं नाही. उजवा खटका दाबत गेला, दाबत गेला, शेवटपर्यंत. त्याला डावीकडे काही असतं हे माहीतच नव्हतं."

"तोंगशीत असा माणूस नाही," चेन परत मोठीवर चढवून ठेवत मी म्हणालो.

"तोंगशीत वाढलेला नाही," मॅडम म्हणाल्या.

४

ऊन उतरता उतरता पेईलान तिची सायकल न्यायला आली. ती पेंगहू बेटांवरची. तिथं ना घाट ना गिअर, लग्न होऊन इथं आली तोवर तिनं सायकलवर मासळीच्या टोपल्याच काय त्या वाहिल्या होत्या. चिवेई गेल्यानंतरच्या वर्षी, तिला घराबाहेर काढायचं म्हणून, काकांनी माझ्या दुकानातून तिच्यासाठी सायकल घेतली होती. तेव्हा मी तीन चकत्यांची काढली, तर जन्मभर तीन चकत्यांचा कैवार घेतलेला हा म्हातारा म्हणाला, "तिच्या डोक्याला आधीच कमी व्याप आहेत का? एकवाली दे."

ती दारात उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"झाली का हो माझी?"

मी उत्तर द्यायच्या आत मॅडम म्हणाल्या, "उद्या होईल. तुम्ही असं करा ना, तुमच्या सासऱ्यांची घेऊन जा. चौकीला तिचा आता उपयोग नाही."

पेईलाननं निळ्या सायकलीकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं ती नको म्हणेल. पण ती बसली आणि निघाली. घरची वाट समोरच्या चढावरूनच जाते.

चढ लागला. उजव्या हातानं तिनं खटका दाबला. पुन्हा दाबला. पुन्हा. डावा हात मुठीत हँडल धरून तसाच राहिला. चेन कण्हायला लागली, तेव्हा ती सीटवरून उठली आणि अंग टाकून पेडल मारू लागली. टाकीच्या अलीकडे चेन अडकली आणि ती उतरली. मागे वळून तिनं आमच्याकडे पाहिलं, आणि सायकल ढकलत निघून गेली.

मी स्टँडवर टांगलेल्या तिच्या सायकलीकडे पाहिलं. पुढे एकच चकती.

"काकांनी सकाळी चेन मोकळी केली ती सायकलीच्या प्रेमापोटी नाही," लेई मॅडम म्हणाल्या. "मोठीवर मोठी बघून त्यांना त्याच क्षणी कळलं कोण आलं होतं. ती खूण पुसली आणि मग कबुली दिली. पुजाऱ्यानं आधीच फोटो काढून ठेवलाय, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्याकडे साधा फोन आहे."

"आता काय करणार तुम्ही?"

"उद्या समितीच्या आधी त्यांच्या घरी जाणार. तुम्हीही चला. तिची सायकल घेऊन."

५

सकाळी तेंगकाकांच्या अंगणात गेलो तेव्हा काका धूपदाणी पुसत बसले होते. न्यायला येणाऱ्यांना ती लखलखीत मिळावी, एवढी एकच काळजी त्यांना होती. पेईलान उंबऱ्यात उभी होती.

लेई मॅडमनी आडवळण घेतलं नाही. फोटो दाखवला, डाव्या हाताचं सांगितलं, आणि पेईलानला विचारलं, "सायकल इतकी जड का, असं वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटलं की," पेईलान म्हणाली. "मला वाटलं बाबांची सायकल अशीच जड असते. म्हाताऱ्या माणसांची पद्धत."

काकांनी तशाही स्थितीत तिच्याकडे दुखावून पाहिलं.

"तू आत जा," ते म्हणाले. "मॅडम, मी काल सांगितलं ते सांगितलं. पदक मी घेतलं."

"बाबा, पुरे," पेईलान म्हणाली. "काल जेवताना मी तोंड उघडलं तर म्हणालात, माझं ठरलंय, त्यात कुणी बोलायचं नाही. मी गप्प बसले. आज तुमच्या दारातून धूपदाणी जाताना नाही मला बघवणार." तिनं गळ्याजवळून दोरा ओढून काढला. दोऱ्याला पदक होतं. "मी घेतलं. त्याच्यावर त्याचं नाव आहे. फोटो आहेत, कपडे आहेत, पण कोरलेलं नाव दुसरीकडे कुठंच नाही. थडग्यावर आहे ते सगळ्या घराण्याचं. हे वितळवणार म्हटल्यावर मला राहवेना. माझी सायकल दुकानात, म्हणून बाबांची घेतली. देवळाशी पोचता पोचता चेन अडकली, ती परत निघताना सुटेना. घाबरले, टाकून दिली आणि पायऱ्यांनी पळत खाली आले. नाव बाबांवर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

अंगणाच्या फाटकाशी खाकरल्याचा आवाज आला. चुआंग समितीच्या दोघांना घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. मला वाटलं, झालं, आता हा गावभर डांगोरा पिटणार.

तो पुढे आला आणि त्यानं हात पसरला. पेईलाननं काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. तिनं पदक त्याच्या तळहातावर ठेवलं. चुआंगनं ते उन्हात तिरकं धरून वाचलं. चिवेई लहान असताना त्याच्याच बागेतून पेअर पाडताना पकडला गेला होता आणि चुआंगनं त्याचा कान पिळला होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"समितीची तक्रार असेल तर मला लिहून घ्यावं लागेल," लेई मॅडम म्हणाल्या.

"तक्रार आजोबांनी करायची," चुआंग म्हणाला. "ते काल दिवसभर काही बोलले नाहीत." मग तो काकांकडे वळला. "तेंग, तू आजोबांना काय दिलं होतंस? सोनं ना?"

"सोनं."

"मग सोनं त्यांचं. ते मुकुटात जाणार, त्यात मी काडीचाही फरक करू देणार नाही. पण पोराचं नाव तू देवाला कधी दिलं होतंस? मी सोनाराला सांगतो, नावाची पट्टी कापून बाजूला ठेव. ती हिची."

पेईलान मटकन उंबऱ्यावर बसली आणि पदराआड तोंड लपवावं तसं तिनं बाहीत तोंड लपवलं. माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. चुआंगबद्दल आदल्या दिवशी मी काय काय बोललो होतो ते मी गिळून टाकलं.

काका उठले. धूपदाणी त्यांनी दोन्ही हातांत घेतली.

"हे राहू दे," चुआंग म्हणाला. "चोरी तू केली नाहीस."

"घरानं देवाला दिलेलं परत घेतलं," काका म्हणाले. "आणि मी देवाच्या दारात उभा राहून खोटं बोललो. मान कुणाकडे जायचा ते रीतीनं ठरलंय. ने तू."

चुआंगनं थोडा वेळ वाट पाहिली. काकांचे हात खाली येईनात, तेव्हा त्यानं धूपदाणी घेतली, कपाळाला लावली आणि समितीला घेऊन तो निघाला. ज्या मानासाठी तो इतकी वर्षं कौल लावत होता तो नेताना त्याचा चेहरा मयताला आल्यासारखा होता. लेई मॅडम त्यांच्या मागोमाग गेल्या.

मी पेईलानची सायकल भिंतीला टेकवली आणि निघायच्या बेतात होतो. काका रिकाम्या चौरंगावरची राख पुसत होते. पेईलान उठून त्यांच्याजवळ गेली.

"बाबा, तुम्हाला काल सकाळीच कळलं होतं. मग मला विचारलं का नाही? मी लगेच आणून दिलं असतं. तुमचा मान राहिला असता."

"दिलं असतंस, माहितेय मला," काका म्हणाले. राख पुसायचं त्यांनी थांबवलं नाही. "मग मला ते माझ्या हातानं सोनाराला द्यावं लागलं असतं. त्यापेक्षा चोर म्हणवून घेणं सोपं वाटलं."